अंगावरचें दूध म्हणजे कुलूप नव्हे!

“अंगावर पाजतेस ना? मग घोर कशाचा? दूध आहे तोंवर दिवस राहत नाहींत.”

हें वाक्य जिनें कधीं ऐकलें नाहीं अशी बाळंतीण आमच्या बहुजनसमाजांत सांपडावयाची नाहीं. खेड्यांत सुईण हेंच सांगत आली, लालबाग-परळच्या चाळींत शेजारीण हेंच सांगते, आणि नवरा तर हें ऐकावयास टपलेलाच असतो. वाक्य गोड आहे आणि फुकट आहे. सांगणाऱ्याला कांहीं करावें लागत नाहीं, ऐकणाऱ्या नवऱ्यालाही कांहीं करावें लागत नाहीं. भोगावें लागतें तें त्या बाळंतिणीला. मांडीवर एक आणि पोटांत दुसरें अशी तिची स्थिति झाली म्हणजे हें वाक्य सांगणारीं माणसें कोठें दिसत नाहींत. या वाक्यांत खरें किती आणि खोटें किती, याचा हिशेब तिच्यापुढें कोणी मांडीत नाहीं. तो आज मांडावयाचा आहे.

कोणी सभ्य गृहस्थ येथेंच नाक मुरडतील. घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकांत हा कसला विषय, असें विचारतील. त्यांना आमचा उलट सवाल आहे. शेतकऱ्याच्या ओसरीवर गाय केव्हां माजावर आली, म्हैस कितव्या महिन्यांत गाभण राहिली, याची चर्चा आयाबहिणींदेखत होते. त्यानें कोणाची अब्रू गेल्याचें ऐकिवांत नाहीं. मग घरच्या बाईच्या देहाची गोष्ट निघाली कीं अब्रू कशी जाते? गाईला दाम मोजलेले असतात म्हणून तिच्याबद्दल ज्ञान हवें, आणि बायको आयती मिळाली म्हणून तिच्याबद्दल अज्ञान चालेल, असा तर हा हिशेब नव्हे ना?

असो. मूळ गोष्टीकडे वळूं. आम्ही जुन्या बायकांना मूर्ख ठरवीत नाहीं. त्यांनीं डोळ्यांनीं जें पाहिलें तेंच सांगितलें. गाय व्याली आणि वासरू तिला सारखें पीत राहिलें, तर ती लवकर माजावर येत नाहीं, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. बाईच्या देहांतही तशीच व्यवस्था आहे. बाळ ओढूं लागलें कीं तो संदेश शिरांवाटे मेंदूला पोंचतो. मेंदूच्या बुडाशीं असलेल्या ग्रंथींतून दूध तयार करविणारा रस वाढतो, आणि ‘बीज पिकव’ असा जो हुकूम अंडाशयाला ठराविक अंतरानें सुटत असतो तो मंदावतो. बीज पिकलें नाहीं म्हणजे गर्भ राहत नाहीं. येथवर सुईणीचें म्हणणें खरें आहे.

पण वाचक हो, ही व्यवस्था दुधावर चालत नाहीं, ओढण्यावर चालते. छातींत दूध आहे येवढ्यानें कांहीं होत नाहीं. बाळानें तें वारंवार, दिवसा आणि रात्रीं, आपल्या तोंडानें ओढलें पाहिजे. दोन पाजण्यांतलें अंतर वाढलें कीं तो थांबलेला हुकूम पुन्हां सुटूं लागतो. म्हणून ‘पाजते कीं नाहीं’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘किती वेळां पाजते, आणि त्याशिवाय बाळाच्या तोंडांत दुसरें काय जातें’ हा खरा प्रश्न आहे.

१९८८ सालीं इटलींतील बेलाजिओ या गांवीं या विषयाचे जाणते तज्ज्ञ जमले आणि त्यांनीं जगभरचा अनुभव पडताळून तीन अटी निश्चित केल्या. त्या प्रत्येक घरांत पाढ्यासारख्या पाठ असाव्यात, म्हणून वेगवेगळ्या सांगतों.

पहिली अट: बाळ सहा महिन्यांच्या आंतलें असावें.

दुसरी अट: बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसावी. पहिल्या आठ आठवड्यांत जें अंगावरून जातें तें पाळी म्हणून धरीत नाहींत. त्यानंतर जें जाईल तें पाळीच समजावें.

तिसरी अट: बाळ पूर्णपणें किंवा जवळजवळ पूर्णपणें अंगावरच असावें. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून आणि रात्रीं सहा तासांहून अधिक अंतर पडूं नये.

या तिन्ही अटी एकाच वेळीं पाळल्या गेल्या, तर त्या सहा महिन्यांत शंभरांत दोघींहूनही कमी बायांना दिवस राहतात. हें संरक्षण कांहीं लहानसहान नव्हे. पण तिन्हींपैकीं एक अट तुटली कीं भरंवसा संपला. सातवा महिना लागला, संपला. पाळीचा एक डाग दिसला, संपला. बाळाला वरचें सुरू केलें, संपला. मग छातींत दुधाचे पाट वाहत असले तरी त्यांच्यावर विसंबणें म्हणजे कडी न लावलेल्या दाराला कुलूप समजणें आहे.

आतां आपापल्या घरांत डोकावून पाहा. आपल्याकडे तान्ह्याच्या तोंडांत काय काय जातें? जन्मतांच मधाचें बोट, मग साखरेचें पाणी, मग घुटी, मग ग्राइप वॉटर, उन्हाळा असला तर उकळलेलें पाणी, आई कामाला गेली तर गाईचें नाहीं तर शेळीचें दूध, आणि हातीं पैसा असला तर डब्यांतली भुकटी. यांतला एक एक घोट बाळाची भूक मारतो. भूक मेली कीं ओढणें कमी होतें. म्हणजे ज्या घरांत ‘पाजतेस ना, मग घोर नको’ असें सांगतात, त्याच घरांत त्याच सासूच्या हातून ती तिसरी अट रोज मोडली जाते, आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. या डब्यांच्या जाहिरातींना आपल्या देशांत १९९२ च्या कायद्यानें बंदी केली आहे. घुटीला बंदी करणारा कायदा कोण करणार? तो घरच्या शहाणपणानेंच करावयाचा आहे.

याहूनही मोठी फसगत पाळीविषयीं होते. ‘अजून पाळी आली नाहीं, म्हणजे अजून भीति नाहीं,’ असें बायका म्हणतात. गाय माजावर आली तर हंबरते, बैलाकडे धांवते, मालकाला कळतें. बाईचें बीज पिकतें तें गुपचूप. तें पिकून सुटतें, आणि गर्भ न राहिला तर त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनीं पाळी येते. म्हणजे पाळी ही आगाऊ वर्दी नव्हे. ती मागाहून आलेली पावती आहे. बाळंतपणानंतरचें पहिलें बीज सुटलें आणि त्याच वेळीं गर्भ राहिला, तर पावती येतच नाहीं. बाई आपली पाळीची वाट पाहत राहते, आणि पोट वर आल्यावर तिला कळतें. जी आई मुळींच पाजत नाहीं तिला तर बाळंतपणानंतर चार-सहा आठवड्यांतही पुन्हां दिवस राहूं शकतात.

अशा बाईच्या वांट्याला मग काय येतें? कोणी म्हणतें, “पाजत असतांना कशी राहिली?” कोणी बोटें मोजतें. कोणी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवितें. देहाचा धर्म जिला कोणी शिकविला नाहीं, तिलाच त्या अज्ञानाची शिक्षा! आणि ज्याच्यामुळें ती राहिली तो मात्र ओसरीवर पान जुळवीत बसलेला असतो.

आतां या तीन अटी घेऊन मुंबईच्या गिरणगांवांत चला. कोंकणांतल्या आणि घाटावरच्या किती घरांतल्या आयाबाया लालबाग, परळ, डिलाइल रोडच्या गिरण्यांत राबल्या, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको. १९२२ च्या कायद्याप्रमाणें गिरणींतला दिवस अकरा तासांपर्यंत असूं शके. खोलीपासून गिरणीपर्यंतचें जाणें-येणें वेगळें. म्हणजे ओली बाळंतीण कामावर गेली कीं तिचें तान्हें अकरा-बारा तास तिच्याविना. तें रडूं नये म्हणून काय करीत? अफूची गोळी देत! मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स या बाईंना गिरणींतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी करावयास नेमलें होतें. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत लिहिलें आहे कीं, कामकरी बायांच्या शंभरांतल्या ९८ बाळांना अफू दिली जात होती.

शंभरांत ९८! या आंकड्यावर हळहळणारे पुष्कळ झाले. पण त्यांतली एक गोष्ट कोणी उघड करून सांगितली नाहीं. अफूनें गुंगलेलें पोर रडत नाहीं, तसें तें ओढीतही नाहीं. तिसरी अट म्हणते, दिवसा चार तासांहून अंतर नको. येथें अंतर अकरा तासांचें! निसर्गानें आईला दिलेलें थोडेंबहुत संरक्षण गिरणीच्या भोंग्यानें असें हिरावून घेतलें. त्या आईला ‘पाजतेस ना, मग घोर कशाचा’ असें सांगणें म्हणजे जिची विहीर बुजविली तिलाच पाण्याचें माहात्म्य ऐकविणें होय. आणि तिला लागोपाठ पोरें झालीं कीं हेच लोक म्हणत, ‘या मजुरांना अक्कल नाहीं.’ अक्कल नव्हती कीं सवड नव्हती?

या प्रश्नाला हात घालणारीं माणसें नव्हतीं असें नाहीं. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बाळंतपणाच्या मदतीचें बिल आणलें, तें पडलें. पुढें मुंबईच्या कायदेमंडळांत आसवले यांनीं तसेंच बिल आणलें. २८ जुलै १९२८ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनें उभे राहिले. आईला बाळंतपणापूर्वीं आणि नंतर विसांवा मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, असें त्यांनीं मांडलें. १९२९ सालीं कायदा झाला. गरीब बाईला भरपगारी नसली तरी कांहीं मदत आणि हक्काची विश्रांति मिळाली, हें थोडें नव्हे. पण बाळंतपणानंतरची सक्तीची विश्रांति किती? चार आठवडे! संरक्षणाला सहा महिने हवेत आणि मिळाले चार आठवडे. पांचव्या आठवड्याला पुन्हां भोंगा, पुन्हां अफू, आणि पुन्हां तेंच वाक्य.

जिचें नैसर्गिक संरक्षण गेलें, तिला दुसरें साधन द्यावें, हा साधा न्याय आहे. हा न्याय मुंबईत प्रथम उघडपणें बोलून दाखविला तो गिरगांवांतल्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं. १९२१ सालीं त्यांनीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्याच सालीं लंडनमध्यें मेरी स्टोप्स बाईंनीं आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे या एका बाबतींत गिरगांव लंडनच्या मागें नव्हतें. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कामापायीं १९२५ सालीं त्यांना कॉलेजांतली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, आणि १९५३ सालीं मरेपर्यंत चालविलें.

कोणी आम्हांस म्हणेल, ‘कर्वे ब्राह्मण, तुम्हीं त्यांचें गुणगान कां करतां?’ याला उत्तर असें कीं, आमचें भांडण जन्माशीं नाहीं, ज्ञान कोंडून ठेवणाऱ्या वृत्तीशीं आहे. ज्यानें तें वांटलें तो आमचा. ज्यानें दडपलें तो कोणत्याही जातीचा असो, आमचा नव्हे. १९३४ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचा गुन्हा काय? वाचकांनीं देहाविषयीं जे प्रश्न विचारले, त्यांचीं उत्तरें त्यांनीं छापलीं! त्यांची बाजू न्यायासनापुढें कोणी मांडली? डॉ. आंबेडकरांनीं. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बंधुभगिनींनो, हें नीट ध्यानांत घ्या. ‘पाजत असतांना दिवस राहतील का?’ हा प्रश्न अशाच प्रश्नांपैकीं एक आहे. ज्या समाजांत प्रश्नाचें उत्तर छापणें हा गुन्हा ठरतो, त्या समाजांत बाई प्रश्न विचारील तरी कोणाला? ती सुईणीला विचारणार, आणि सुईण तेंच जुनें वाक्य सांगणार.

याहूनही कडू गोष्ट १९३८ सालची आहे. १० नोव्हेंबर रोजीं स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद रोहम यांनीं मुंबईच्या असेंब्लींत ठराव मांडला कीं, सरकारनें लोकांत संततिनियमनाचा जोरानें प्रचार करावा आणि त्याचीं साधनें पुरवावींत. या ठरावावरचें भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलें होतें. वारंवारच्या बाळंतपणांनीं गरीब बाईच्या देहाची कशी माती होते, हें त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. मतें पडलीं. ठरावाच्या बाजूनें ११, विरुद्ध ५२. ज्या ५२ जणांनीं विरुद्ध मत दिलें, त्यांच्यापैकीं बहुतेकांना गर्भ राहण्याची भीति नव्हती! पोट एकाचें आणि मत दुसऱ्याचें, असा हा कारभार.

पुढें वारा फिरला. १९४९ सालीं मुंबईंत कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संस्था निघाली, १९५२ पासून सरकारनेंही योजना हातीं घेतली. आणि १९७६ सालीं आणीबाणींत काय झालें? सक्तीची नसबंदी! महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर सक्तीचें बिलच मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायदा झालें नाहीं, इतकेंच. म्हणजे १९३८ सालीं गरिबानें साधन मागितलें तर दिलें नाहीं, आणि १९७६ सालीं न मागतां त्याच्यावर शस्त्र धरलें. दोन्ही वेळां त्याच्या घरच्या बाईला कोणी विचारलें नाहीं कीं, बाई, तुला काय हवें आहे?

‘त्या जुन्या गोष्टी झाल्या,’ असें म्हणून आतां कोणी अंग झटकूं नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. त्या जागीं मॉल आणि टॉवर उभे राहिले. पण त्याच चाळींतली सून आतां त्या मॉलमध्यें कपड्यांच्या घड्या घालते, टॉवरमध्यें धुणींभांडीं करते, दादरच्या फुलबाजारांत पहाटे फुलें निवडते. २०१७ सालीं पगारी बाळंतरजा २६ आठवड्यांची झाली. हा फार चांगला बदल आहे. सहा महिने आणि २६ आठवडे यांचा मेळ कोणालाही मांडतां येईल. पण ही रजा पहिल्या दोन मुलांपुरती. ती देण्याचें बंधन दहा किंवा अधिक माणसें कामाला असलेल्या दुकानांवर. पांच माणसांच्या दुकानांत उभें राहणारीला काय? धुणेंभांडेंवालीला काय? आमच्या गांवाकडची ऊसतोडणीला जाणारी, रोजानें खुरपणारी, वीटभट्टीवर राबणारी, तिला कोणती रजा? महिना-दीड महिन्यांत ती कामावर जाते, पोर आजीजवळ राहतें, आणि आजी बाटली लावते. तिसरी अट गेली. वाक्य मात्र राहिलें!

कांहीं शिकलेल्या मुली यंत्रानें किंवा हातानें दूध काढून ठेवतात. बाळाच्या पोटाला तें उत्तमच आहे. तें जरूर करावें. पण वाटींतलें दूध आणि ओढलेलें दूध यांत गर्भाच्या दृष्टीनें फरक आहे. बाळाच्या ओढण्यानें जो संदेश मेंदूला जातो, तो वाटीनें तितका जात नाहीं. म्हणून अशा आईनेंही दुधावर विसंबूं नये.

आमच्या हातीं शाळेचें रजिस्टर असतें. त्यांत मुलांच्या जन्मतारखा असतात. सख्ख्या भावंडांच्या दोन तारखांत बारा-तेरा महिन्यांचें अंतर दिसलें कीं साधी वजाबाकी पुरते. त्यांतून नऊ महिने काढले म्हणजे थोरलें पोर तीन-चार महिन्यांचें असतांनाच धाकटें पोटांत आलें होतें, हें कळतें. रजिस्टरांत आईच्या अंगांत रक्त किती उरलें होतें याचा रकाना नसतो. पहिल्या बाळंतपणानें झालेली झीज भरून येण्यापूर्वींच दुसऱ्याची मागणी सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा कीं, एक मूल झाल्यावर पुढला गर्भ राहण्यापूर्वीं निदान २४ महिने जाऊं द्यावेत. जमीनही एक हंगाम पड ठेवतों. बाईच्या देहाला तितकाही विसांवा नको काय?

आणि पहिल्या पोराचें काय होतें? आई पोटुशी राहिली कीं ‘आतां दूध बाधेल’ म्हणून त्याला एका दिवसांत तोडतात. हा दुसरा गैरसमज. गर्भवतीचें दूध विषारी होत नाहीं. तें हळूहळू कमी होतें, पण निरोगी आईनें पाजण्यांत सहसा अपाय नसतो. पूर्वीं गर्भ पडलेला असेल किंवा रक्त जात असेल तर डॉक्टरला विचारावें. एकदम तोडल्यानें मात्र नुकसान होतें, कारण त्या पोराला दुधाऐवजीं पातळ पेज मिळते आणि तें सुजतें. आफ्रिकेंत आज ज्याला घाना म्हणतात, तेथें सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनीं १९३३ सालीं अशा सुजलेल्या मुलांच्या रोगाचें वर्णन केलें. तेथल्या लोकांत त्या रोगाचें नांव होतें ‘क्वाशिओरकोर’, म्हणजे दुसरें मूल आल्यावर पहिल्याला होणारें दुखणें. तेच नांव पुढें जगभरच्या वैद्यकानें घेतलें. पाहा, सातासमुद्रांपलीकडच्या आयांनींही हेंच ओळखलें होतें कीं, पाळण्यांतलें मूल हटविलें जातें तें पोटांतल्या मुलामुळें.

आतां आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांचा समाचार घेऊं. कोणी म्हणेल, ‘मूल देवाची देणगी.’ देवानें देणगी दिली, पण ती सांभाळण्याची अक्कलही त्यानेंच दिली. एक देणगी घेऊन दुसरी परत करणें हा कसला भक्तिभाव? कोणी म्हणेल, ‘साधनें वापरलीं कीं दूध आटतें.’ हें सरसकट खोटें आहे. दोन रसांची जी नेहमींची गोळी दुकानांत मिळते, ती पाजणाऱ्या आईनें पहिले सहा महिने घेऊं नये, इतकें खरें. बाकीचीं साधनें दुधाला धक्का लावीत नाहींत. कोणी म्हणेल, ‘निसर्गाच्या कामांत ढवळाढवळ नको.’ मग अकरा तास आईला बाळापासून दूर ठेवलें, तें निसर्गाचें काम होतें काय? बाटली निसर्गाची काय? अफू निसर्गाची काय? निसर्ग मोडतांना कोणाला तो आठवला नाहीं. बाईनें स्वतःला सांभाळूं म्हटलें कीं मात्र सर्वांना तो आठवतो!

म्हणून आतां करावयाचें काय, तें स्पष्ट सांगतों. बाळाला पहिले सहा महिने अंगावरच पाजा. पाणी नको, मध नको, घुटी नको. त्यानें बाळही सुधारतें आणि आईलाही संरक्षण मिळतें. पण आईला कामावर जावयाचें असेल, वरचें दूध सुरू करावयाचें असेल, पाळीचा डाग दिसला असेल किंवा सातवा महिना जवळ आला असेल, तर त्यापूर्वींच दुसरें साधन हातीं असूं द्या. कुंपण पीक खाल्ल्यावर घालीत नाहींत.

साधनें पुष्कळ आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत व सरकारी रुग्णालयांत फुकट मिळतात. तांबी बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आंत दवाखान्यांतच बसवितां येते, नाहीं तर सहा आठवड्यांनंतर. ‘अंतरा’ हें तीन महिन्यांनीं घ्यावयाचें इंजेक्शन पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. ‘छाया’ गोळी लखनौच्या सरकारी संशोधनसंस्थेंत निघाली. ती पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां आणि पुढें आठवड्यांतून एकदां घ्यावयाची. कोणतें साधन कोणाच्या प्रकृतीला मानवेल, हें नर्सबाईला किंवा डॉक्टरला विचारून ठरवावें. संशय आला तर पाळीची वाट पाहत बसूं नये. आशाताईकडून लघवीची तपासणी ताबडतोब करून घ्यावी.

आणि नवरोजी, तुमच्यासाठीं निरोध आहे. त्याला दवाखान्यांत निजावें लागत नाहीं, सुई टोंचावी लागत नाहीं. पोरें पुरेशीं झालीं असतील तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही बाईच्या ऑपरेशनहून सोपी आहे. त्यानें पुरुषत्व जात नाहीं, नांगर धरण्याचें बळ जात नाहीं. तीन महिने तेवढे दुसरें साधन वापरावें लागतें. तरीही ऑपरेशनच्या टेबलावर बहुतेक बायाच निजतात आणि तुम्ही बाहेर विडी ओढीत बसतां, याची लाज तुम्हांला वाटावयास पाहिजे.

शाळामास्तर, आशाताई, बचत गटाच्या बाया आणि शहाण्या सासवा यांना आमची विनंति आहे कीं, हें जुनें वाक्य यापुढें कोणाला आयतें सांगूं नका. बाळंतिणीला तीन प्रश्न विचारा. बाळ किती महिन्यांचें? पाळी आली का? वरचें कांहीं देतेस का? तिन्ही उत्तरें मनाजोगतीं आलीं तर तिला खुशाल सांगा कीं, सहा महिन्यांपर्यंत तुझें दूध तुला राखील. एक जरी उत्तर चुकलें, तर तिला धीर देत बसूं नका. तिच्या नवऱ्याला बरोबर घ्या आणि दवाखान्याची वाट धरा.

— एक खेड्यांतला शाळामास्तर